घाटातले पोहे

बसा पाव्हणं. त्या स्टुलावर नका, पाय डुगडुगतो त्याचा, हितं खाटेवर बसा. गाडी कुठं पळून जात न्हाई. तुम्ही फोनवर विचारलंसा, "कॅम्पर व्हॅन विकायची आहे का?" तर मला कळंना कसली व्हॅन. पोरगी म्हणाली, आबा, आपली मेटाडोर. म्हटलं असू दे, म्हातारपणी का हुईना, नाव तर मोठं झालं तिचं. चहा टाकलाय. तवर एक गोष्ट सांगतो. गाडी घेणारा माणूस टायर बघतो, इंजिन बघतो, तशी गोष्ट बी ऐकून घ्यावी. कारण हिच्यापायी माझ्या पोरीचं लगीन मोडाय आलतं.

आंबा घाट बघितलाय न्हवं? साखरप्याकडनं वर चढताना, निम्म्या चढावर हिनं अशी वाफ सोडली की हौसा, म्हणजे माझी बायको, नाकाला पदर लावून म्हणाली, "भात शिजला वाटतं."

मी खाली उतरून झाकण काढलं. रेडिएटर कोरडा ठाक.

"कॅनमधलं पाणी कुठं गेलं?" मी विचारलं.

मायलेकी एकमेकीकडं बघाय लागल्या. शालनचे केस ओले, पाठीवर मोकळे सोडलेले. तिथंच मला कळलं.

"मग काय करायचं?" हौसा म्हणाली. "दुपारी पाव्हणं पोरीला बघाय येणार. समुद्राचं खारं वारं बसलेलं केस घिऊन पाटावर बसवू व्हय तिला? सकाळी शिकेकाईनं न्हाऊ घातली."

"इंजिनच्या पाण्यानं?"

"पाणी ते पाणीच. इंजिनचं नाव घातलंतं काय त्याच्यावर?"

"मग कळशीतलं दे."

"कळशीतलं प्यायचं हाय. इंजिन काय तुमचा जावई लागून गेला?"

आता हे सगळं असं का, ते सांगतो. मी ट्रकच्या बॉड्या बांधायचो. सुतारकी बापजाद्यांची, पण घरांच्या दारांपेक्षा मला गाड्यांचं काम आवडायचं. आपण बांधलेली वस्तू पाक कुठल्या कुठं जाती, नागपूर बघती, मद्रास बघती. आपण मात्र पटाशी घासत हितंच. हौसाला एकदा म्हटलं, ह्यो माझा हात सगळा देश हिंडून आला, मी कोल्हापूर सोडून कळंब्याच्या पुढं गेलो न्हाई. ती म्हणाली, मग आपल्यासाठी बांधा की एक.

मस्करीत म्हणाली. पण मी जागा विकली. घर बांधायला म्हणून घेतलेली, पाण्याची सोय असलेली, चांगली जागा. त्यात ही जुनी मेटाडोर घेतली, आन् कामावरनं आलो की हिच्यात शिरायचो. सागवानी खाट केली, दिवसा दुमडून बाक व्हायची. भांड्यांना खाचा केल्या, वळणावर वाजू नयेत म्हणून. आन् हौसा बुटकी, तर तिच्या बाजूची खिडकी मुद्दाम खाली घेतली, पडल्या पडल्या बाहेरचं दिसावं म्हणून.

लोक हसले. माझा मेव्हणा दोन वर्षं बोलला न्हाई. "घराला कौल न्हाई आन् गाडीला पडदं," म्हणायचा. खरं होतं त्याचं. भाड्याच्या खोल्या बदलून बदलून आमची जर्मनची भांडी चेपली. डिझेल, टायर, पासिंग, काय न्हाई काय निघायचंच. पण सुट्टी लागली की आम्ही सुटायचो. कोयनेच्या पाण्याकडंला पहाटं पहाटं एका म्हशीनं गाडीला पाठ घासली तर आम्हाला वाटलं भूकंप. हौसा चादरीसकट उडी मारून खाली. म्हैस तिच्याकडं बघती, ही म्हशीकडं बघती. तसं हसणं परत झालं न्हाई.

एक मात्र होतं. त्या काळात गाडीला खिडक्या, पडदं, आत स्टो, असलं कुणी बघितलं नव्हतं. कुठंबी थांबलो की लोक यायचे, "काय विकता?" कुणी बांगड्या मागायचं, कुणी घोंगडी. शिराळ्यात एक म्हातारा डोळे तपासून द्या म्हणून हटून बसला. हौसानं शेवटी त्याला सुईत दोरा ओवायला लावला, म्हणाली, बाबा, नजर चांगली हाय, जावा.

तर घाटात अडकलो. आम्ही समुद्रावर गेलतो चार दिवस, आन् मधेच मध्यस्थाचा कोल्हापुराला निरोप आलेला, तो शेजाऱ्यानं गणपतीपुळ्याच्या टपाल हापिसात फोन करून कळवला. रविवारी दुपारी पाव्हणं येत्यात. चांगलं स्थळ हाय, आपल्यातलंच, कोकणात वखार हाय, चुकवू नका. स्थळं येईत नव्हती हो पोरीला. पोरगी चांगली, शिकलेली, पण बाप काय करतो म्हटलं की बोलणं थांबायचं. हे पहिलंच घर, बघाय तरी तयार झालेलं. आन् मी निम्म्या घाटात, तापलेल्या इंजिनासमोर टॉवेल हलवत उभा.

"इंजिन निवंस्तवर खाऊन तरी घ्या," हौसा म्हणाली. पाव्हण्यांसाठी म्हणून तिनं कोकणातलं पातळ पोहं घेतलंतं पिशवीभर. तिनं कांदा चिरला, फोडणी टाकली. घाटात वारा नव्हता, वास गेला खालच्या वळणापर्यंत.

तवर खालनं एक जीप आली आन् आमच्या मागं थांबली. पांढरा शर्ट घातलेला धिप्पाड माणूस उतरला, मागनं त्याची बायको उतरली ती सरळ कठड्याकडं पळाली आन् ओकली. गाडी लागलीती बिचारीला. चालवणारा पोरगा पाण्याची बाटली घेऊन तिच्यामागं.

धिप्पाड माणसानं आमच्या गाडीकडं बघितलं, पडदं बघितलं, स्टो बघितला. आन् म्हणाला, "ओ मामा, तीन पोहे द्या. आणि चहा आहे का?"

मी तोंड उघडाय लागलो तर हौसानं आतनं डोळं मोठं केलं. तिच्या दारात आलेल्याला हे हॉटेल न्हाई म्हणून परत लावायचं, हे तिला जमणारं नव्हतं. "हाय की चहा," ती म्हणाली. "ताईंना आत आणा आधी. पडू द्या खाटेवर."

त्या बाईला तिनं हाताला धरून आत घेतलं, लिंबाची फोड चोखायला दिली, खिडकीकडं तोंड करून निजवलं. पोरानं आमचं कोरडं रेडिएटर बघितलं. "पाणी मागच्या वळणावर झऱ्याला आहे," म्हणाला, आन् आमचा कॅन उचलून कुणी सांगायच्या आत चालाय लागला.

शालननं बशी दिली. तो धिप्पाड माणूस दगडावर बसून खाऊ लागला. "झकास झालेत गो पोरी," म्हणाला. "रोज असता का इथं?"

"न्हाई," शालन म्हणाली, "आजच."

त्यानं दाराच्या फळीवर बोटाचं पेर वाजवलं. "सागवान?"

"व्हय," मी म्हटलं.

"सांधा भारी धरलाय. कुणी केला?"

"मीच."

"मग हॉटेल कशाला काढलंत? एवढी कला हातात असताना? माझी वखार आहे साखरप्याला, या कधी. दिनकर मेस्त्री म्हणून विचारा."

पाव्हणं, माझ्या हातातला टॉवेल हलायचा थांबला. मध्यस्थानं सांगितलेलं नाव हेच. शालननं बी ऐकलं. तिच्या हातात कढई होती, ती तशीच.

त्यानं शालनला वळखलं कसं न्हाई म्हणता? फोटो बघून आलता की तो. पण आमच्या पेठेतल्या फोटोवाल्यानं तिच्या गालावर ब्रशनं एवढा गुलाबी रंग दिलता की त्या फोटोत तिला मी बी वळखली नसती.

"कुणीकडं निघालासा?" मी विचारलं. विचारू नये ते विचारलं.

"कोल्हापूर. मंगळवार पेठेत कुणी ईश्वरा सुतार आहे, ट्रकच्या बॉड्या बांधतो. त्याची मुलगी बघायला, आमच्या सुधाकरसाठी." त्यानं आवाज खाली घेतला, हॉटेलवाल्याशी बोलतात तसा मोकळा झाला. "नुसतं तोंडदेखलं हो. मध्यस्थाला शब्द गेला म्हणून. घराला ठेवलेली जागा विकून त्या माणसानं मोटार घेतली म्हणे, मिरवायला. आता राहतो भाड्यानं. पोहे खायचे, कळवतो म्हणायचं, परत फिरायचं."

"आन् पोरगी चांगली असली तर?"

"बापाचं बूड जाग्यावर नाही, पोरगी कुठनं टिकणार? आमच्या घरात बाई उंबऱ्याच्या आत रमली पाहिजे. ही आमची बघा." त्यानं गाडीकडं मान केली. "तीस वर्षं झाली. माहेर सोडलं तर कुठं गेली नाही. गाडी लागते तिला."

आतनं दोघींचं बोलणं ऐकू येत होतं. हौसा सांगत होती, "काल समुद्रावर होतो. ह्याच खिडकीतनं दिसायचा."

आन् ती बाई म्हणाली, "आमच्यापासून दीड तासावर आहे समुद्र. मी एकदाच बघितला. सासऱ्यांच्या अस्थी सोडायला गेलो होतो. पुरुषमाणसं पाण्यात उतरली, मी चपला सांभाळत बसले."

आतनं खिडकीची काच खडखडत पार उघडल्याचा आवाज आला.

पोरगा पाणी घेऊन आला, गुडघ्यापर्यंत भिजलेला. मी पाणी ओतलं, गाडी गुरगुरली. शालननं त्याला बी पोहं दिलं. त्यानं पहिला घास खाल्ला, तिच्याकडं बघितलं, परत बशीत बघितलं, आन् जरा हळू खाऊ लागला.

बाप उठला. खिशातनं पैसे काढले. "किती झाले?"

"न्हाई," शालन म्हणाली. "पोरगी बघाय आलेली माणसं पोह्याचं पैसं देत न्हाईत."

जीपवर एक माकड येऊन बसलं तरी कुणी हाकललं न्हाई.

"म्हणजे," मेस्त्री म्हणाला, "ईश्वरा सुतार ते..."

"मीच," म्हटलं. "आन् मिरवायची मोटार ही."

पोरगा हसला. नाकात पोहं गेलं, खोकला, पुन्हा हसला. बशी पुढं करून शालनला म्हणाला, "मग अजून थोडे वाढा. बघायला आलोय तर नीट बघतो."

"सुधाकर," बाप ओरडला न्हाई, पण नाव असं घेतलं की माकडच उतरून गेलं.

मग तो माझ्याकडं वळला. मानी माणूस होता पण वाईट न्हवं. आपण काय काय बोलून बसलो ते त्याला आठवत होतं, चेहरा लाल झालता. "हे बघा सुतार," तो म्हणाला, "तुमचे पोहे खाल्ले, आता तोंड फिरवता येत नाही मला. पण चार माणसांत मला राहायचंय. ही गाडी विका. जागा घ्या कुठं, लहान का असेना. मग बोलू पुढचं."

मी शालनकडं बघितलं. ती कढईकडं बघत होती. पोरगा तिच्याकडं बघत होता. असा पोरगा, न सांगता पाणी आणणारा, परत दारात येणार न्हवता. मला हे बी माहीत होतं.

"विकतो," मी म्हटलं.

"आबा," शालन म्हणाली, एवढंच.

आत हौसा भांडी खाचांत बसवाय लागली. नेहमी आवाज यायचा न्हाई, त्या दिवशी एक बी भांडं सरळ बसंना.

तेवढ्यात खाटेवरनं त्या बाईचा आवाज आला. पडदा होता मधे, तोंड दिसत नव्हतं. "अहो, विहिणीचा मान काय ठरलाय?"

मेस्त्री गोंधळला. "अगो, अजून पसंती नाही, मान कसला?"

"पसंतीचं तुम्ही बघा. मानाचं मी बोलते. मान विहिणीनं मागायचा असतो, विहिणीनंच घ्यायचा. तुमच्या आईनं माझ्या आईकडनं चांदीचं ताट घेतलं तेव्हा मामंजी मधे बोलले होते का?"

"नाही, पण..."

"मला ताट नको. मानाचं लुगडं नको, पाय धुणं नको." पडदा सरकला. बाई उठून बसलीती, केस विस्कटलेले, गालाला लिंबू लागलेलं. हौसाला म्हणाली, "वर्षातनं एकदा मला ह्या गाडीतनं न्यायचं. तुम्ही जाल तिकडं. हा माझा मान. देता का?"

हौसा म्हणाली, "दिला."

"येडी झालीस का?" मेस्त्री म्हणाला. "गाडी लागते तुला."

"जीप लागते. हिच्यात एवढा वेळ आहे, काही झालं नाही."

"उभ्या गाडीत कुणाला होतंय?"

"ते मला माहीत नाही," बाई म्हणाली. "मान कबूल झालाय. आता ह्यांनी गाडी विकली तर विहिणीचा मान मोडतो. मोडायचा असेल तर तुम्ही मोडा, आणि लोकांना तुम्हीच सांगा."

मेस्त्री माझ्याकडं बघाय लागला. मी काय करणार, मी रेडिएटरचं झाकण आवळाय लागलो, आवळलेलंच होतं ते.

"माझी पसंती आहे," सुधाकर म्हणाला.

"तुला कुणी विचारलं?"

"मग मला आणलंय कशाला?"

हौसानं शालनला नुसतं "तुझं गं?" म्हटलं. शालननं त्याच्या हातातली रिकामी बशी घेतली आन् न मागता भरून दिली. आमच्यात एवढं उत्तर पुरतं.

पुढं कोल्हापूरपर्यंत ती बाई जीपमध्ये बसली न्हाई. आमच्याच गाडीत, हौसाच्या खिडकीशी. मेस्त्री मागनं जीपमधनं येत होता, नजर ठेवून. मलकापूरच्या अलीकडं दोनदा हौसानं मला गाडी बाजूला घ्याय लावली. मेस्त्रीनं उतरून विचारलं, "काय झालं?" हौसा म्हणाली, "काय न्हाई, ताई फुलं बघत्यात." मला आरशात सगळं दिसत होतं. फुलं कसली, टणटणी होती, आन् तिच्यावर काय चाललंतं ते मी सांगत न्हाई.

लगीन झालं. मान बी सुरू झाला. पहिल्या साली दोघींना समुद्रावर नेलं. विहीणबाई चपला काढून पाण्यात गेल्या त्या लवकर बाहेर येईनात. चपला मी सांभाळल्या. मग गोकाकचा धबधबा झाला, तुळजापूर झालं, एका साली नुसतंच चांदोलीला जाऊन दोघी दिवसभर झोपल्या. व्याही कधी बसला न्हाई गाडीत. पण एकदा खालच्या फळ्या कुजल्या तर स्वतः वखारीतलं लाकूड घेऊन आला, दोन दिवस शिव्या घालत बदलून गेला. असा माणूस.

घर मात्र आमचं झालं न्हाई. ही खोली बी भाड्याचीच. हौसाला शेवटी दवाखान्यातनं आणलं ते हितंच. गेली तेव्हा घरमालकानं विचारलं, तेराव्याला माणसं किती येणार. हौसा त्यावर काय तरी बोलली असती.

त्या साली मी म्हटलं, झाला मान, आता पुरे. देणारी गेली. तर विहीणबाई पिशवी घेऊन दारात. मी म्हटलं, विहीणबाई, लोक काय म्हणतील, तुम्ही आन् मी? त्या म्हणाल्या, "शालन येतीय ना बरोबर. आणि मान तुमच्या घरानं दिलाय, एका माणसानं नाही." गेलो मग. शालन पुढं माझ्याजवळ, त्या मागं. हौसाच्या खिडकीशी बसल्या न्हाईत, समोरच्या बाकावर बसल्या आन् तिथनंच बाहेर बघत राहिल्या.

तवापासनं एक साल चुकलं न्हाई. आता मात्र माझ्या डोळ्यांचं झालंय. पडदा आलाय, ऑपरेशन केलं तरी डॉक्टर म्हणतो, काका, गाडीला हात लावायचा न्हाई. शालनला चालवाय येत न्हाई, जावयाची कंबर गेलीय, बाहेरचा ड्रायव्हर ह्या गाडीचा गिअर बघून पळतो. व्याही बी गेला मागल्या साली. विहीणबाई मला फोनवर काय म्हणत न्हाईत, पण दर फोनला विचारत्यात, गाडी बरी आहे ना? माणसाची तब्येत विचारावी तशी.

म्हणून तुमचा फोन आला तेव्हा मी होय म्हटलं. तुम्ही बोललासा की जुन्या गाड्या तुम्ही स्वतः चालवता, गिअर हाताला कळतो. मला बाकीचं काय ऐकू आलं न्हाई, तेवढंच ऐकू आलं.

भावाचं आपण नंतर बोलू, तुमच्या मनासारखं बोलू, गाडी तुम्हालाच देतो. पण आधी एवढं करा. विहीणबाई साखरप्याला असत्यात, पंचाहत्तरी झाली, वाट बघत्यात. मी वाट दाखवाय बाजूला बसतो. तुम्ही तेवढं स्टेअरिंग धरा आन् त्यांना समुद्रावर नेऊन आणा. येता रविवार मोकळा हाय का तुमचा?